दोरसाफची जागा

१४ डिसेंबर

आज निकाल लागला. माझी मुलगी दोरसाफ डॉक्टरांच्या विशेषज्ञ परीक्षेत देशात सत्तावन्नावी आली. दुपारी मसुराचं सूप आणि पाव खाल्ला. संध्याकाळी बायकोच्या कबरीवर जाऊन आलो. वारा फार होता.

जाझिया, म्हणजे माझी मेहुणी, सध्या आमच्याकडेच राहते आहे. फोनवर निकाल ऐकल्याबरोबर तिनं आनंदाची आरोळी ठोकली आणि मधेच स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. या घरात अजून आरोळ्या ठोकायचे दिवस आलेले नाहीत. दोरसाफ भांडी घासत होती. ती घासतच राहिली.

डायरी लिहायचं जाझियानंच सुचवलं. म्हणाली, "बेल्गासम, तू बोलत तर नाहीसच, निदान लिही. नाहीतर आतल्या आत फुटशील." तीस वर्षं मी मुलांना पदार्थविज्ञान शिकवलं. झालं तसं सांगायची मला सवय आहे. तेवढं जमेल.

झालं ते असं. नोव्हेंबरात माझ्या बायकोचं, मबरूकाचं आतडं पिळलं गेलं. आमच्या गावच्या इस्पितळात सर्जन होता, शस्त्रक्रियेची खोली होती, इटलीहून आलेले दिवे होते. भूल देणारा डॉक्टर नव्हता. ती जागा किती वर्षं रिकामी आहे, ते तिथल्या चौकीदारालाही आठवत नाही. तंत्रज्ञ होता, पण तो म्हणाला, डॉक्टर नसताना एवढ्या नाजूक बाईला मी हात लावणार नाही, कायदा आहे. सर्जन म्हणाला, स्फाक्सच्या मोठ्या इस्पितळात न्या. रस्त्यात ती गेली.

एवढंच.

१६ डिसेंबर

अभिनंदनाला माणसं येत आहेत. सांत्वनाला आलेलीच माणसं, त्याच खुर्च्या. फक्त तोंडं बदलली आहेत.

कॉफीच्या दुकानात टपालखात्यातले सगळे निवृत्त मला घेरून बसले.

"सत्तावन्न म्हणजे काहीही मिळेल, बेल्गासमसाहेब! कातडी घ्यायला सांग तिला, कातडी!"

"डोळे काय वाईट आहेत?"

"डोळ्याला ऑपरेशनं असतात. कातडीला काय? मलम द्यायचं आणि पैसे घ्यायचे. कातडीवाल्याला कधी कुणी झोपेतून उठवल्याचं ऐकलंस?"

"आणि कातडीचा रोगी मरतही नाही, बरा पण होत नाही. जन्माचं गिऱ्हाईक!"

सगळे हसले. मी कॉफी तशीच ठेवून उठलो.

हे आता मला तोंडपाठ झालं आहे. परीक्षेत पहिले आलेले त्वचारोग घेतात, डोळे घेतात, क्ष-किरण घेतात, हृदय घेतात. मधले मधलं घेतात. इमर्जन्सी, भूलशास्त्र, न्यायवैद्यक या जागा शेवटच्यांसाठी, आणि त्यातल्याही बऱ्याच रिकाम्या राहतात, कारण शेवटचेसुद्धा त्यापेक्षा जर्मन शिकून निघून जाणं पसंत करतात. म्हणजे या देशातली सगळ्यांत हुशार मुलं पुरळ बघणार. आणि माणूस मरायला टेकला की त्याच्यासाठी कुणी नाही. हे कुणी ठरवलं? कुणीच नाही. प्रत्येकानं फक्त आपल्यापुरतं ठरवलं.

दोरसाफ काय घेणार, हे मी तिला विचारलेलं नाही. विचारायचं काय? तिच्या आईला काय झालं ते तिला ठाऊक आहे.

१९ डिसेंबर

विचारलं.

ती खिडकीपाशी उशांचे अभ्रे घड्या करत होती. मी म्हणालो, "भूलशास्त्राला स्फाक्सच घे. जवळ पडेल."

ती म्हणाली, "बाबा, मी त्वचारोग घेणार आहे."

मला वाटलं चेष्टा करते आहे. या घरात चेष्टा करायची ती मबरूका, दोरसाफ नाही.

"काय म्हणालीस?"

"त्वचारोग. माझ्या नंबरला मिळेल."

"मिळेल म्हणून घ्यायचं?"

"हवं आहे म्हणून."

"तुझी आई कशानं गेली?"

तिनं अभ्रा खाली ठेवला, परत उचलला, परत घडी घातली. घडी घातलेल्याचीच घडी.

"मला माहीत आहे आई कशानं गेली."

"मग लाज वाटत नाही?"

जाझिया स्वयंपाकघरातून ओरडली, "बेल्गासम! पोरगी आहे ती, शाळेतला पोरगा नाही!"

मी बाहेर पडलो आणि पार जुन्या तेलघाण्यापर्यंत चालत गेलो. परत आलो तेव्हा माझं ताट झाकून ठेवलेलं होतं. जेवलो नाही.

अंत्यविधीपासून तिच्या डोळ्यांतून पाण्याचा थेंब आलेला मी पाहिलेला नाही. ते का, हे आज मला कळलं: तिला काही वाटलेलंच नाही.

२३ डिसेंबर

आज मान खाली घालायची वेळ आली.

शेजारच्या हम्माच्या आईला छातीत दुखू लागलं. हम्मा धावत आला, "दोरसाफ, लवकर चल, अम्मा घामानं निथळते आहे." दोरसाफ त्याच्या मागे गेली आणि मी तिच्या मागे. म्हातारी जाजमावर आडवी होती. दोरसाफ दारापर्यंत गेली आणि चौकटीला धरून उभी राहिली. आत पाऊल टाकलं नाही.

"बघ की तिला!" मी म्हणालो.

"इस्पितळात न्या," ती म्हणाली. "ताबडतोब न्या. गाडीत मागे झोपवू नका, पुढे बसवा. बसवून न्या."

"तू चल गाडीत."

तिनं मान हलवली आणि घरी निघून गेली. डॉक्टर! देशात सत्तावन्नावी! आणि आम्ही दोघांनी म्हातारीला उचलून गाडीत घातलं. निघाला गॅस. सोडा पाजून परत पाठवलं. पण गॅस नसता तर?

घरी आलो तर ती मोरीत हात धूत होती. मनगटांना अजून पट्ट्या बांधते, त्या तिनं सोडून ठेवल्या होत्या. आई गेल्यापासून तिची मनगटं दुखतात. परातभर कुसकुसचा रवा चोळावा लागला होता ना तिसऱ्या दिवसाच्या जेवणाला. मी म्हणालो, "कातडीच्या डॉक्टरला हात स्वच्छच लागतात." तिनं पट्ट्या परत बांधायला घेतल्या. मला बरं वाटलं नाही, पण शब्द मागेही घेतला नाही.

२७ डिसेंबर

नगरपालिकेत गेलो, दोरसाफ आणि मी. मुखत्यारपत्रावर सही करून शिक्का मारून आणला.

जागा निवडायला राजधानीला, ट्युनिसला जावं लागतं. मोठ्या सभागृहात क्रमांकानं नाव पुकारतात, माणूस उभा राहून माइकवर विषय सांगतो, त्या विषयापुढची एक जागा कमी होते. एकदा सही केली की संपलं. उमेदवाराला येता येत नसेल तर त्याचा मुखत्यार चालतो. काल तिनं सांगितलं, "बाबा, मी नाही जाणार. तुम्ही जा."

"का? ताप आहे?"

"नाही."

"मग?"

"मला नाही जायचं ट्युनिसला. एवढं करा माझ्यासाठी."

तोंड दाखवायची लाज वाटत असणार. सगळ्या देशासमोर माइक हातात घेऊन 'त्वचारोग' म्हणायचं तर बापानं म्हणावं!

कारकून माझा जुना विद्यार्थी निघाला. शिक्का मारता मारता म्हणाला, "सर, म्हणजे आता दोरसाफचं नशीब तुमच्या जिभेवर! जपून बोला हं, तुम्ही वर्गात 'वेग' म्हणायचं ते 'बल' म्हणून जायचात."

दोरसाफ हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मला मात्र त्याच वेळी पहिल्यांदा सुचलं, की खरंच, माझ्या जिभेवर आहे.

३० डिसेंबर

हम्मा चहाला बोलावून घेऊन गेला. मी दोरसाफच्या वतीनं माफी मागितली. तो म्हणाला, "कसली माफी काका, सोडा."

मी सोडलं नाही. सगळं बोललो. आई अशी गेली आणि ही मलमं विकायला निघाली आहे, हे बोललो. हम्मा पेल्यात बघत बसला. मबरूका गेली त्या दिवशी त्याच्याच गाडीतून मी रुग्णवाहिकेच्या मागे निघालो होतो. आत मबरूकाबरोबर दोरसाफ बसली होती, कारण इस्पितळाकडे बरोबर पाठवायला डॉक्टर नव्हता.

"काका," तो म्हणाला, "मिठागरांपाशी ती गाडी थांबली ना, पेट्रोलपंपाच्या अलीकडे. तुम्ही तेव्हा खाली बघत होतात."

"मग?"

"मी समोर बघत होतो. मागच्या काचेतून दिसत होतं. पोरगी आईच्या छातीवर हात ठेवून दाबत होती. सारखी. ड्रायव्हर उतरून आला, त्यानं हात धरले तिचे, तिनं त्याला ढकलून दिलं. परत दाबायला लागली. किती वेळ ते, अल्ला जाणे. मी आडवा हात धरून काच पुसत बसलो होतो, तुम्हाला दिसू नये म्हणून."

मी म्हणालो, "डॉक्टरचं कामच आहे ते."

हम्मा बडबड्या आहे, प्रत्येक गोष्टीची कहाणी करतो. चहा गोड मिट्ट होता.

मी उलट हे म्हणतो, की जिनं ते केलं तिनंच तर हे काम घ्यायला हवं. तिला येतं ते.

२ जानेवारी

उद्या पहाटे निघायचं. जाझियाशी भांडण झालं.

तिनं माझा शर्ट इस्त्री केला आणि म्हणाली, "तुझं थोबाड बघून मला भीती वाटते. तिथं भलतंसलतं काही करणार नाहीस ना?"

"भलतंसलतं म्हणजे?"

"बेल्गासम, आई गेल्यापासून नगरपालिका सोडली तर ती गल्लीच्या बाहेर पडलेली नाही. बाजारात नाही, स्फाक्सला नाही, कुठे नाही. तू तिला एकदा तरी विचारलंस का, गाडीत काय झालं ते?"

"काय झालं ते मला माहीत आहे. माझी बायको मेली."

"तिची आई मेली, गाढवा! तिच्या हातांत!"

मी शर्ट घेतला आणि खोलीत आलो.

इथं स्पष्ट लिहितो. मी भूलशास्त्र सांगणार आहे. ती चार दिवस रडेल, मग करेल. मुलांना पुढे कळतं. या गावाला भूल देणारा डॉक्टर मिळेल आणि दुसऱ्या कुणाची बायको रस्त्यात मरणार नाही. मबरूकाच्या मरणाचं काहीतरी व्हायला हवं. नुसतंच मेली, हे मला सहन होत नाही.

४ जानेवारी

ट्युनिस, चुलतभावाचं घर.

काल लुआजनं, म्हणजे वाटणीच्या टॅक्सीनं आलो. आठ जण कोंबलेले, ड्रायव्हर सगळ्या वाटेवर फुटबॉलबद्दल बोलत होता. मिठागरं आली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. परत उघडले तोवर पंप मागे गेला होता.

आज सभागृह. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर सगळे विषय, प्रत्येकापुढे उरलेल्या जागा. कुणी विषय बोललं की आकडा एकानं उतरायचा आणि सभागृहातून उसासा निघायचा. शाळेतल्या निकालाला मुलं श्वास रोखून बसायची तसं. फक्त ही मुलं पंचविशी उलटलेली होती, आणि त्यांच्या आया खालच्या मानेनं जपमाळ ओढत होत्या.

माझ्याशेजारी खौला नावाची मुलगी होती. अठ्ठावन्नावी. दोरसाफच्या पाठोपाठची. तिनं बसल्या बसल्या विचारलं, "काका, तुमचा कितवा?"

"सत्तावन्न. मुलीचा."

"या रब्बी! काय घेणार ती?"

इथं सगळे सगळ्यांना हेच विचारतात आणि सगळे खोटं सांगतात. मी काही सांगितलं नाही.

"सांगू नका, सांगू नका. मला फक्त त्वचारोग हवंय. दोनदा परीक्षा दिली त्यासाठी. गेल्या वर्षी दुसरं मिळत होतं ते सोडलं आणि परत बसले. नवरा म्हणाला, पुन्हा बसलीस तर मी निघून जाईन. गेलाही." ती हसली. "मनगूट खाता? आईनं दिलंय."

तिनं पिशवीतून खजुराची वडी काढून दिली. मी खाल्ली.

पहिल्या दहांत डोळे आणि त्वचारोग निम्मे गेले. चाळिशीत क्ष-किरण संपलं, तेव्हा मागे एक मुलगा उठून बाहेर निघून गेला, त्याची आई त्याच्या मागे. भूलशास्त्रापुढचा आकडा सकाळी होता तोच होता. एकदाही हलला नाही. मी त्या आकड्याकडेच बघत होतो. मला तो पडदा फोडावासा वाटत होता.

पंचावन्नाव्यानं हृदय घेतलं. छप्पन्नाव्यानं त्वचारोग घेतला. एकच जागा उरली, ट्युनिसची. खौलानं माझी बाही धरली, तिला ते कळलंही नसावं.

माझं नाव नाही, दोरसाफचं नाव पुकारलं. खाली गेलो. मुखत्यारपत्र दाखवलं. टेबलामागे एक प्राध्यापक बाई होत्या, चष्मा नाकावर आलेला. त्यांनी माइक माझ्या हातात दिला.

मी म्हणालो, "भूलशास्त्र. स्फाक्स."

आधी हसू फुटलं, आणि मग टाळ्या. शिट्ट्यासुद्धा. "जियो काका!" कुणीतरी ओरडलं. खौला जागेवर उभी राहून दोन्ही हातांत तोंड धरून रडत होती, तिची आई तिला मिठी मारत होती. लोक माझ्यासाठी टाळ्या वाजवत होते. मला क्षणभर वाटलं, समजलं यांना. मग मागून एक जण ओरडला, "अल्ला तुमच्या मुलीला उदंड आयुष्य देवो, कुणीतरी हवंच होतं!" आणि पुन्हा सगळे हसले.

कुणीतरी. प्रत्येक जण खूश होता, कारण ते कुणीतरी त्याच्या घरातलं नव्हतं.

बाईंनी चष्मा वर केला. "हाजी, जरा थांबा. सत्तावन्नाव्या क्रमांकाला हा विषय कुणी घेत नाही. मी इतकी वर्षं या टेबलाशी आहे. सही करण्याआधी मला सांगा, तुमच्या मुलीनं हेच सांगितलंय?"

"हो म्हणा काका, हो म्हणा!" मागून. हशा.

मी हो म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं. तिकडे सगळे हसत होते, आणि मला का कोण जाणे हम्मा दिसला, कोरडीच काच पुसत बसलेला.

"नाही," मी म्हणालो. "तिनं त्वचारोग सांगितलंय."

"मग तुम्ही हे काय बोललात?"

"ते माझं होतं."

"इथं तुमचं विचारलेलं नाही," बाई म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण माइक चालू होता. "तिचं सांगा. एकदा, नीट."

"त्वचारोग. ट्युनिस."

आकडा शून्य झाला. काय आरडाओरडा झाला! "हा कसला खेळ आहे?" "म्हाताऱ्याला बाहेर काढा!" एकानं कागदाचा बोळा फेकला, माझ्या खांद्यावर लागला. मी सही केली.

वर परत जाताना खौला समोरून येत होती, तिचं नाव पुकारलं होतं. ती थांबली.

"काका, तुम्ही माझ्याशी असं का केलंत?"

मी तिच्याशी काहीच केलेलं नाही आणि सगळंच केलं. ती खाली गेली आणि माइकवर 'ग्रंथी आणि मधुमेह' म्हणाली. इतक्या हळू, की बाईंनी परत विचारलं.

मी निघून जायला हवं होतं. पण बसून राहिलो. मला बघायचं होतं, भूलशास्त्र पहिलं कोण घेतं. शंभराच्या पुढे गेले. दीडशेच्या पुढे गेले. चुलतभाऊ घ्यायला आला तेव्हाही तो आकडा तसाच होता. कुणी घेतलं नाही. दोनशे हुशार माणसं त्या खोलीत, एकानंही नाही. थुंकावंसं वाटलं. आणि थुंकणार कुणावर? माझ्या घरातला कागदही त्यांच्याच कागदांत आहे.

५ जानेवारी

घरी आलो. लुआज मिठागरांवरून आली, या वेळी डोळे उघडे ठेवले. साधा पंप आहे. टायरांचा ढीग आहे, कुंपणाला प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्या आहेत. ते बघून काही कळत नाही.

दोरसाफ दारात होती.

"काय सांगितलंत?"

"तू सांगितलंस तेच. जागा ट्युनिसचीच उरली होती."

तिनं डोळे मिटले आणि उघडले. बाकीचं मी सांगितलं नाही. खौलाचं नाही, टाळ्यांचंही नाही. जाझिया माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला काहीतरी वाटलं असावं, पण ती आत निघून गेली.

जेवण झाल्यावर दोरसाफ म्हणाली, "पंपापाशी थांबलात?"

"लुआज थांबत नाही तिथं."

"आम्ही थांबलो होतो."

"माहीत आहे. मी मागे होतो."

आम्ही दोघं चटईवर बसलो होतो. ती मनगट चोळत होती. मी म्हणालो, कारण काहीतरी म्हणायलाच हवं होतं आणि खोटं मला बोलता येत नाही, "दोरसाफ, मी अजून तुझ्यावर रागावलेलो आहे."

"मीपण, बाबा."

"माझ्यावर?"

"तुमच्यावर. त्या सर्जनवर. त्या तंत्रज्ञावर. माझ्या हातांवर." मग म्हणाली, "आईवरपण. दोन दिवस पोट धरून बसली होती, मला सांगितलं नाही. परीक्षेनं मी दमले असेन म्हणून."

हे मला माहीत नव्हतं.

ती झोपायला गेली. जाझिया आधीच झोपली होती. मी स्वयंपाकघरात गेलो, उद्यासाठी चणे निवडले. खडे काढले, दोनदा धुतले, पातेल्यात भरपूर पाणी घालून भिजत टाकले आणि वर झाकण ठेवलं.